‘घड्याळी मास्तर’ या शब्दाबद्दल, आणि त्या घड्याळाबद्दलही

चौथा तास (धागालेखक)

गेल्या आठवड्यात ‘वाणिज्य पालक’ यांनी इथे एक टिपण लिहिले. त्यांची कन्या अनुदानित महाविद्यालयात द्वितीय वर्ष बी.कॉम.ला आहे. तिच्या सहापैकी चार विषयांना सीएचबीवरचे (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळणारे) शिक्षक आहेत. ते सत्राच्या मध्येच बदलतात, घंटा झाली की वर्गातून थेट वाहनतळ गाठतात आणि शंका विचारायला कधी सापडत नाहीत. म्हणून ही मंडळी शिक्षक नव्हेतच, ती ‘घड्याळी मास्तर’ आहेत आणि पूर्णवेळ प्राध्यापकाच्या तुलनेत त्यांचे शिकवणे निकृष्टच असणार, असा निष्कर्ष काढून ते मोकळे झाले. खाली अनुमोदनांची रांग लागलेली पाहिली आणि दोन दिवस गप्प बसलो, पण आता राहवत नाही, कारण मी स्वतः अकरा वर्षे घड्याळी मास्तर आहे. विषय अर्थशास्त्र, नेट ही अध्यापकपदाची पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. दोन्ही पदरी आहेत.

आमच्या घड्याळाची रचना एकदा नीट पाहावी. महाविद्यालय जूनमध्ये उघडते, पण आमची जाहिरात जुलैत येते, मुलाखती त्यानंतर होतात, आणि आदेश हाती पडेपर्यंत गणपतीच्या वर्गणीची पावती फाडून झालेली असते. विद्यापीठाची परीक्षा मात्र आमच्यासाठी थांबत नाही. म्हणजे पंधरा आठवड्यांचा अभ्यासक्रम आठ आठवड्यांत बसवायचा आणि वर्गात पहिल्या दिवशी मुलांनी विचारायचे, “सर, तुम्ही पुढच्या सत्राला असाल का?” या प्रश्नाचे खरे उत्तर मला एकाही वर्षी देता आलेले नाही.

आता पैशांविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी 2019 मध्ये अतिथी शिक्षकासाठी तासाला 1,500 रुपये आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये असे ठरवले. आपल्या राज्याने मार्च 2023 मध्ये बरीच खळखळ करून पदवीला 900 आणि पदव्युत्तरला 1,000 रुपयांपर्यंत मजल मारली. मला आठवड्याला 9 तास मिळतात. वर्षाचे पूर्ण 30 आठवडे एकही तास न बुडता मिळाले, जे कधीच मिळत नाहीत, तर 2,43,000 रुपये होतात, म्हणजे बारा महिन्यांत विभागून 20,250. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतनच 57,700 पासून सुरू होते, महागाई भत्ता वेगळा. शिवाय आमचे मानधन दर महिन्याला येत नाही. सत्र संपल्यावर देयक उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात जाते, तिथून त्रुटी काढून परत येते, पुन्हा जाते, आणि ऑगस्टमध्ये शिकवलेल्याचे पैसे मार्चमध्ये मिळाले तर ते वर्ष चांगले गेले असे आम्ही मानतो. वर्गात गुणक, म्हणजे एका खर्चातून एकूण उत्पन्न किती पट वाढते ते, शिकवताना मी हेच उदाहरण देतो: उत्पन्नातले शंभरातले ऐंशी खर्च झाले तर गुणक पाच, पण ते शंभर हातातच आले नाहीत तर महाविद्यालयासमोरच्या चहावाल्याची वही हाच माझा गुणक.

मुख्य मुद्दा असा की 900 रुपये वर्गात उभे राहण्याचे आहेत. शंका सोडवणे, अंतर्गत गुणांच्या वह्या तपासणे, पर्यवेक्षण आणि महाविद्यालयाचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली यांतल्या कशालाच तासिका नोंदवहीत रकाना नाही. ज्याचा रकानाच नाही ते काम आम्ही करत नाही, अशी तक्रार पालकांनी करावी याचे मला आश्चर्य वाटते.

वाणिज्य पालक

आपले लेखन वाचले आणि आपल्या परिस्थितीबद्दल सहानुभूती वाटली, हे आधी नमूद करतो, नाहीतर पुढचे वाचून मला निर्दय ठरवले जाईल. परंतु आपण माझ्या एकाही विधानाचे खंडन केलेले नाही. उलट प्रत्येकाला कारण पुरवले आहे. रिक्षाचे भाडे परवडत नाही म्हणून रिक्षावाल्याने प्रवाशाला अर्ध्या वाटेत उतरवले, तर त्या भाड्याचे दर शासनाने ठरवले आहेत हे ऐकून प्रवासी घरी पोहोचत नाही. माझ्या मुलीला कॉस्टिंगला, म्हणजे परिव्यय लेखांकनाला, एका सत्रात तीन शिक्षक झाले. सामग्री नियंत्रणाचे प्रकरण त्यांतल्या दोघांनी शिकवले आणि प्रक्रिया परिव्यय कोणीच शिकवले नाही, कारण प्रत्येकाला ते आधीच्याने संपवले असे वाटले. प्रश्नपत्रिकेत प्रक्रिया परिव्ययाला पंधरा गुण होते. शेवटी आम्ही खासगी शिकवणी लावली, आणि तिथे शिकवायला कोण होते म्हणाल? तिच्याच महाविद्यालयात सकाळी सीएचबीवर असलेले गृहस्थ. संध्याकाळी त्यांनी प्रक्रिया परिव्यय उत्तम शिकवले. याचा अर्थ काय लावायचा तो आपणच लावा.

जुनाजाणता

मी अनुदानित महाविद्यालयात तीस वर्षे मराठी शिकवून 2023 मध्ये निवृत्त झालो. ‘चौथा तास’ यांचे दुःख खरे आहे, परंतु दुःखाचा आणि निष्ठेचा संबंध त्यांनी उगाच जोडला आहे. आम्ही तास संपल्यावर झाडाखाली उभे राहून मुलांशी बोलत असू, त्यासाठी कोणी रकाना ठेवला नव्हता. विभागप्रमुख असताना मी दरवर्षी दोन-तीन तासिकावाले नेमले आणि पाहिले. त्यांतल्या बहुतेकांच्या पिशवीत स्पर्धा परीक्षेचे पुस्तक असे. ज्याचा एक पाय सतत दाराबाहेर आहे, त्याचे लक्ष फळ्यावर कसे राहणार? टिपणे सांगायची, मुलांनी ती उतरवायची, आणि 48 मिनिटे भरली की निघायचे, असा सगळा प्रकार चालतो.

तिखटमीठ

जुनाजाणता सर, एक हिशेब मनात आला म्हणून विचारतो. तीस वर्षांची सेवा आणि 2023 ची निवृत्ती, म्हणजे आपण 1993 मध्ये रुजू झालात. तेव्हा आपण नेट होतात की सेट, म्हणजे राज्यस्तरीय पात्रता परीक्षा झालेले?

जुनाजाणता

या प्रश्नाचा धाग्याच्या विषयाशी काय संबंध आहे हे मला समजले नाही, तरी लपवण्यासारखे काही नसल्यामुळे सांगतो: दोन्ही नव्हतो. 19 सप्टेंबर 1991 ते 3 एप्रिल 2000 या काळात या पात्रता परीक्षांविना लागलेल्या हजारो अध्यापकांपैकी मी एक होतो. ग्रामीण भागात पात्र उमेदवार मिळत नव्हते, विद्यापीठाच्या निवड समितीने आमची रीतसर निवड केली होती, आणि पुढे शासनानेच 2013 मध्ये निर्णय काढून आमच्या सेवा नियमित केल्या. मी एम.ए.ला विद्यापीठात दुसरा आलो होतो. एका परीक्षेच्या प्रमाणपत्रावरून माझे तीस वर्षांचे शिकवणे मोजू पाहणारे आपण कोण?

तिखटमीठ

शासनाने 2013 मध्ये ‘निर्णय काढला’ असे आपण किती सहज म्हणालात! तो निर्णय निघावा म्हणून फेब्रुवारी ते मे 2013 परीक्षेच्या कामावर बहिष्कार होता. त्या वर्षी मी तृतीय वर्ष बी.एस्सी.ला होतो. प्रात्यक्षिक परीक्षा पुढे गेली, उत्तरपत्रिका गठ्ठ्यांत पडून राहिल्या, आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या पहिल्या यादीच्या वेळी माझ्या हातात गुणपत्रिका नव्हती. माझे वडील एस.टी.त वाहक होते. ते रजा टाकून तीन वेळा विद्यापीठात जाऊन आले. ज्यांच्या निष्ठेला रकाना लागत नव्हता, त्यांनी तेव्हा आम्हा मुलांना वेठीस धरले होते. आणि आज नेट, सेट आणि पीएच.डी. झालेला माणूस 900 रुपयांवर राबतो, त्याच्या निष्ठेची परीक्षा मात्र ती पात्रता नसलेले विभागप्रमुख घेतात. या विनोदाला मला हसू येत नाही.

जुनाजाणता

बहिष्काराचा इतिहास अर्धवट सांगू नये. एमफुक्टो या प्राध्यापक संघटनेच्या मागण्यांत सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी होती, जी शासनाने कबूल करूनही दिली नव्हती, आणि सेवा नियमित करण्याची मागणी त्याबरोबर होती. उच्च न्यायालयाने सांगितल्यावर आम्ही कामावर आलो आणि मे महिन्याच्या उन्हात रोज ठरलेल्यापेक्षा जास्त उत्तरपत्रिका तपासल्या. बहिष्काराच्या काळातले आमचे वेतनही रोखले गेले. आपल्या वडिलांना त्रास झाला याचे मला वाईट वाटते, परंतु संघटनेने भांडून मिळवलेल्या गोष्टीला चोरी म्हणायचे असेल, तर आपण उद्या सीएचबीवाल्यांनाही भांडू नका असेच सांगणार काय?

तिखटमीठ

चोरी हा शब्द मी वापरलेला नाही. तो आपल्याला सुचला.

नीरगाठ

आपणा दोघांचे 2013 संपले असेल तर मी चालू वर्षाबद्दल बोलते. संघटनेने भांडावे हे ठीक, परंतु सीएचबीवाल्याने बहिष्कार टाकला तर तो कोणाच्या लक्षातही येणार नाही, कारण त्याची खुर्ची दुसऱ्या दिवशी भरलेली असेल. आम्ही नेमणुकीच्या वेळी मुद्रांकावर हमीपत्र लिहून देतो की या सेवेच्या आधारे कायम नियुक्तीचा दावा करणार नाही. मी असे सात मुद्रांक दिले आहेत.

सातव्या वर्षी मला दिवस गेले होते. प्रसूती रजा असा काही प्रकार आमच्यासाठी नाही. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. आठव्या महिन्यापर्यंत मी दुसऱ्या मजल्यावर चढून राज्यशास्त्राचे तास घेतले, आणि बाळंतपणानंतर परत गेले तेव्हा माझ्या विषयाचे वेळापत्रक एका मुलाच्या नावावर होते. तो मुलगा चांगला होता, त्याने मला स्वतःची खुर्ची देऊ केली. जुनाजाणता सरांना माझ्या पिशवीत स्पर्धा परीक्षेचे पुस्तक दिसले असते हे मी नाकारत नाही. ते पुस्तक तिथे का होते, हे त्यांनी विभागप्रमुख असताना कधी विचारले होते का, एवढेच विचारायचे आहे.

आकडेमोड

अनुभवांची देवाणघेवाण झाली, आता थोडा पुरावा पाहू. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात 2001 ते 2008 या काळात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या सत्राचा अभ्यास झाला आहे. तिथे कायम पदाच्या साखळीत नसलेल्या शिक्षकांकडे पहिला अभ्यासक्रम शिकलेली मुले त्याच विषयाच्या पुढच्या अभ्यासक्रमात सरासरीने सरस ठरली, आणि हा फरक अभ्यासात कच्च्या मुलांच्या बाबतीत अधिक दिसला. तेव्हा ‘कायम नाही म्हणून निकृष्ट’ हे पालकांचे सूत्र निदान सार्वत्रिक नाही. आपल्याकडच्या नियमांचे म्हणाल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या 10 टक्क्यांहून अधिक नसावेत असे होते. जानेवारी 2025 च्या मसुद्यातून ती मर्यादाच गळाली. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात, 30,000 रुपयांवर राबवून घेत समारंभात ‘गुरुर्ब्रह्मा’ म्हणण्याला काही अर्थ नाही, अशा आशयाचे खडे बोल सुनावले आहेत.

वाणिज्य पालक

अमेरिकेतल्या मुलांचे भले झाले याचा आनंद आहे. माझी मुलगी तिथे शिकत नाही.

चौथा तास

आकडेमोड यांनी माझ्या बाजूने पुरावा दिला तरी तो मला जसाच्या तसा घेता येत नाही. त्या अभ्यासातले बहुतेक शिक्षक त्या विद्यापीठाशी दीर्घकाळ जोडलेले होते. दर वर्षी पुन्हा मुलाखतीच्या रांगेत उभे राहणारे नव्हते. तो अभ्यास आपल्याला लावायचा तर आधी तशी नोकरी आणावी लागेल.

48 मिनिटांचा उल्लेख झाला म्हणून एक गोष्ट सांगतो. एका वर्षी देयक करताना एका लिपिकाने मला समजावले की तुमचे पाच तास म्हणजे 240 मिनिटे, म्हणजे घड्याळाचे चारच तास, म्हणून चारचेच पैसे लावतो. मी म्हणालो की पूर्णवेळ प्राध्यापकाचा कार्यभार मोजताना हेच 48 मिनिटांचे तास पूर्ण धरले जातात. त्यावर ते म्हणाले, “त्यांना पगार आहे, तुम्हाला तासिका आहे.” या वाक्यावर मी अनेक वर्षे विचार केला आहे आणि ते तर्कशुद्ध आहे असेच मला दर वेळी वाटते.

तिखटमीठ

48 मिनिटे म्हणजे दोन घटिका, अर्थात बरोबर एक मुहूर्त. शासनाने निदान तास तरी मुहूर्त पाहून ठरवला म्हणायचा. नेमणुकीला मात्र मुहूर्त सापडत नाही.

दुसरी किल्ली

मी नऊ वर्षे सीएचबी केले आणि शासनाने 2021 मध्ये मंजूर केलेल्या 2,088 पदांच्या भरतीत कायम झालो, त्यामुळे दोन्ही खुर्च्यांवर बसलेला इथे बहुधा मी एकटाच असेन. खरे सांगायचे तर कायम झाल्यावर माझे शिकवणे सुधारलेले नाही. तोच फळा आहे, तेच व्याख्यान आहे, आणि नव्या शैक्षणिक धोरणाच्या मेजर-मायनर, म्हणजे मुख्य-दुय्यम विषयांच्या गोंधळात व नॅकच्या फायलींत तयारीला पूर्वीपेक्षा कमीच वेळ मिळतो. परंतु मला एक लोखंडी कपाट मिळाले. त्याच्या दोन किल्ल्या आहेत. पहिल्या महिन्यात मी कपाटात पुस्तके, तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि स्वतःचा एक कप ठेवला. त्यानंतर असे झाले की मुले येऊ लागली. तास संपल्यावर येतात, मधल्या सुट्टीत येतात, मागच्या वर्षी उत्तीर्ण झालेलीही येतात. मला वाटले माझी लोकप्रियता वाढली. एका मुलीला विचारले तेव्हा ती म्हणाली, “सर, आता तुम्ही कुठे बसता ते माहीत आहे.” नऊ वर्षे मी प्राध्यापक कक्षात ज्याची रजा असेल त्याच्या खुर्चीवर बसत होतो. आमच्याकडे सीएचबीवाला घंटा झाल्यावर वाहनतळावर जातो, कारण उरलेल्या महाविद्यालयात त्याला बसायला जागा नसते.

ऐंशी टक्के

आपली भरती झाली त्याबद्दल अभिनंदन. किती लागले?

दुसरी किल्ली

हा प्रश्न मला सासुरवाडीपासून केशकर्तनालयापर्यंत सर्वत्र विचारला गेला आहे आणि प्रत्येक ठिकाणी मी एकच उत्तर दिले आहे: काही लागले नाही. आपला विश्वास बसणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि ज्या पद्धतीने संस्थांमधल्या जागांचे भाव चहाच्या टपरीवर बोलले जातात ते पाहता आपल्याला दोषही देता येत नाही. मात्र माझ्या नऊ वर्षांच्या श्रमांवर एका वाक्यात चिखल उडवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे आपण आपल्याच मनाला विचारावे.

ऐंशी टक्के

चिखल मी आणलेला नाही, तो आधीच अंगणात आहे. तरी आपल्यापुरता प्रश्न मागे घेतो.

जुनाजाणता

कपाटाचा मुद्दा मला सुचला नव्हता. मी ज्या झाडाखाली उभा राहत असे, ते झाड मला माझे वाटत होते, हे आता लक्षात येते. नीरगाठ ताईंच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. मी विचारले नव्हते. तिखटमीठ यांच्याशी माझे मतभेद मात्र जसेच्या तसे कायम आहेत, आणि त्यांनी यापुढे मला ‘सर’ म्हटले नाही तरी चालेल.

तिखटमीठ

जशी आपली आज्ञा, सर.

चौथा तास

दुसरी किल्ली यांचे वाचून मलाही एक कबुली द्यावी लागेल, कारण इतका वेळ मी जणू माझे शिकवणे उत्तमच आहे असा आव आणला. ते तसे नाही. ज्या वर्षी मी दोन तालुक्यांतल्या दोन महाविद्यालयांत तास घेत होतो, सकाळचे साडेसात ते साडेदहा इथे आणि मग एस.टी.ने पन्नास किलोमीटर तिथे, त्या वर्षी मी व्याजदर आणि उत्पन्न यांचा मेळ दाखवणारी आयएस-एलएमची आकृती फळ्यावर काढलीच नाही. टिपणे सांगितली. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाने वही मिटून हात वर केला आणि मी त्याला ‘नंतर’ म्हणालो. नंतर म्हणजे केव्हा, हे त्याला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते, कारण पुढची गाडी गाठायची होती. वाणिज्य पालक, त्या मुलाच्या वडिलांनी आपले टिपण लिहिले असते तर ते खरेच ठरले असते. माझे म्हणणे इतकेच राहते की त्याच मुलाला मी जूनपासून एकाच जागी भेटलो असतो तर ती आकृती निघाली असती.

वाणिज्य पालक

आपण हे कबूल केलेत म्हणून मीही एक गोष्ट मान्य करतो: ‘घड्याळी मास्तर’ हा शब्द मी रागाच्या भरात लिहिला होता आणि तो मागे घेतो. शिकवणे निकृष्ट होते हे विधान मागे घेत नाही. निकृष्टतेचे देयक कोणाच्या नावावर काढायचे, याबद्दल मात्र माझे मत थोडे हलले आहे. त्या संध्याकाळच्या शिकवणीच्या गृहस्थांना मी त्या वेळी बरेच काही बोललो होतो आणि आता ते आठवून बरे वाटत नाही.

एक वैयक्तिक विनंती आहे, संकोच वाटतो आहे तरी करतो. मुलीचा समग्रलक्षी अर्थशास्त्राचा चौथा घटक पूर्ण राहिला आहे आणि परीक्षा बारा दिवसांवर आली आहे. आपल्याकडे टिपणे असल्यास पाठवाल का?

चौथा तास

पाठवतो. परंतु केवळ टिपणांवर तिला आयएस-एलएम कळणार नाही. रविवारी सकाळी दहाला तिला फोन करायला सांगा आणि शेजारी पट्टी, पेन्सिल व कोरे कागद ठेवायला सांगा. व्याजदर उभ्या अक्षावर घ्यायचा, एवढे आधी तिच्याकडून वदवून घ्या.

ऐंशी टक्के

याचे देयक कोणत्या कार्यालयात पाठवणार?